सिंहाचा श्वास

"दुखतंय" हा शब्द तोंडातून निघाला की आमच्या वर्गात शिक्षा होती. गुडघ्यांवर बसायचं, डोळे वटारायचे, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढायची आणि घशातून सिंहासारखा मोठा श्वास सोडायचा. बाकीच्या बायका हसायच्या, टाळ्या वाजवायच्या. ही शिक्षा नाही, खेळ आहे, असं ब्रायनी म्हणायची. मी पहिल्याच शनिवारी इतक्यांदा सिंह झाले की घरी पोचेपर्यंत माझा घसा बसला.

आता साठीला टेकलेली बाई मी. उभा जन्म टोलेडो शहराच्या गल्ल्यांतून टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन हिंडले, कुत्री अंगावर घेतली, बर्फात घसरले, आणि शेवटी गुडघा गेला म्हणून निवृत्ती घेतली. असल्या बाईला योगाच्या चटईवर बसवलं ते माझ्या भाचीनं, जनेलनं. माझी बहीण गेली तेव्हा जनेल शाळेत होती. तिथून पुढे ती माझीच. तिचा नवरा रेनर्ड सरोवरांवरच्या मालवाहू जहाजावर कामाला आहे. खाणीतलं कच्चं लोखंड भरायचं, उतरवायचं, पुन्हा भरायचं. माणूस चांगला, पण घरी पाहुण्यासारखा येतो.

"मावशी, बाळ येईल तेव्हा रेनर्ड कुठल्या पाण्यात असेल कोण जाणे," जनेल म्हणाली. "मला तू हवीस. पण नुसती खुर्चीत बसून नर्सांशी भांडणारी नको. शिकून ये."

"बाळंतपणात शिकायचं काय असतं? आत गेलंय ते बाहेर येणारच."

"बघ. नेमकी अशी बोलणारी नको."

म्हणून मी डूला व्हायला गेले. डूला म्हणजे सुईण नव्हे. ती नाळ कापत नाही, तपासत नाही, औषध देत नाही. बाईच्या कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत ती बाईजवळ बसते, कंबर दाबते, पाणी पाजते, धीर देते. ब्रायनीच्या वर्गात हे सगळं योगाच्या अंगानं शिकवत. जुन्या टायरच्या दुकानाची माडी तिनं भाड्यानं घेतली होती. खालून रबराचा वास यायचा, वर लव्हेंडरचा, आणि दोन्ही मिळून माझं डोकं दुखायचं. पण तसं म्हटलं असतं तर परत जीभ बाहेर.

ब्रायनी चाळिशीची, उंच, बारा महिने अनवाणी. आवाज इतका मऊ की ती रागावली तरी आपल्याला गोंजारल्यासारखं वाटायचं. वर्गातल्या बहुतेक बायका तिच्यासारख्याच गोऱ्या, सडसडीत. खाऊ म्हणून भिजवलेल्या बिया आणायच्या. मी एकदा भट्टीतली मॅकरोनी नेली, वरून भरपूर चीज घातलेली. सगळ्यांनी "अय्या, किती जड" म्हणत म्हणत भांडं पुसून खाल्लं.

खोटं का बोलू, शिकायला पुष्कळ मिळालं. बाई चार पायांवर ओणवी झाली की बाळाचा भार कंबरेवरून उतरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मांडी घालून, तळवे जुळवून बसलं की खुबे कसे सैल होतात ते मी माझ्या मोडक्या गुडघ्यानिशी अनुभवलं. दोन्ही बाजूंनी खुबे धरून आत दाबायचे, ते तर मला वर्गात सगळ्यांत चांगलं जमायचं. ओझं वाहिलेले हात आहेत माझे. बायका माझ्यासमोर रांग लावायच्या. दोन कळांच्या मधे पोट गालासारखं मऊ पडतं, कळ आली की कपाळासारखं कडक होतं, हेही ब्रायनीनंच शिकवलं. हे मी मान्य करते. तिच्याकडून घेतलं ते घेतलंच.

पण तो शब्द. एके दिवशी तिनं सगळ्यांच्या मुठीत बर्फाचे खडे दिले. मूठ आवळायची आणि श्वासावर लक्ष ठेवायचं. कळ सोसायची रंगीत तालीम म्हणे.

"काय जाणवतंय, अर्नेस्टीन?"

"दुखतंय."

हशा पिकला. ब्रायनीनं मान तिरकी केली. "आपण इथे काय म्हणतो?"

"लाट."

"मग?"

"मग लाटेनं माझा हात दुखतोय."

दोनदा सिंह व्हावं लागलं.

वर्ग सुटल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "बाई, तुमची लाट तुम्हाला लखलाभ. पण आमच्या काळ्या बायका दवाखान्यात दुखतंय दुखतंय म्हणून कोकलल्या तरी त्यांना म्हणतात, नाटकं करू नका. माझ्या आईला म्हणाले, बहिणीला म्हणाले. त्यांच्या तोंडात तो एकच शब्द होता, आणि तोसुद्धा तुम्ही काढून घेताय."

तिनं माझा हात हातात घेतला. तिच्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. नर्स दर थोड्या वेळानं यायची आणि विचारायची, दहापैकी किती दुखतंय. ब्रायनी म्हणाली, मी बरी होते, पण विचारून विचारून तिनं मला मोडलं. शेवटी मी कंबर बधिर करणारी सुई द्या म्हणून रडले आणि स्वतःच्याच मनातून उतरले. दुसऱ्या कुठल्या बाईचं असं होऊ नये म्हणून हे सगळं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि ते खरं होतं.

"आणि तुम्ही म्हणताय ना, ऐकत नाहीत," ती पुढे म्हणाली. "म्हणूनच तर, अर्नेस्टीन. शांत बाईचं लोक ऐकतात."

हे वाक्य मी घरी येऊन जनेलला नक्कल करून सांगितलं, अनवाणी चालून, मान तिरकी करून. मला वाटलं ती हसेल. ती रताळी सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "बरोबरच आहे तिचं."

"काय बरोबर आहे?"

"मावशी, तू ओरडतेस तेव्हा लोक तुझं ऐकतात असं तुला वाटतं. ते नुसते तुझ्यापासून लांब होतात. मी लहानपणापासून बघतेय."

जनेल पहिल्यापासून अशीच. वाचनालयात काम करते, आवाज चढवून बोललेली मी तिला कधी ऐकली नाही. शाळेत बाईंनी तिला उगाच वर्गाबाहेर काढलं तेव्हा मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन टेबल बडवलं होतं, आणि ही पोर माझी बाही ओढत होती, मावशी चल, चल घरी. ब्रायनी गरोदर बायकांचाही वर्ग घ्यायची, तिथे जनेल जायला लागली, आणि तिला ब्रायनी आवडली ती यासाठीच. त्या वर्गात तिला एकदाही सिंह व्हावं लागलं नाही, चुकूनसुद्धा नाही. ब्रायनी इतरांना सांगायची, जनेलकडे बघा.

शेवटच्या महिन्यात ब्रायनीनं तिला एक पाटी करून दिली. जाड कागद, कडेनं जांभळी फुलं, सुंदर अक्षर. दवाखान्यातल्या खोलीच्या दारावर लावायची. 'या खोलीत वेदना हा शब्द वापरू नये. बाळंतिणीला त्याबद्दल विचारू नये. काही लागलं तर ती स्वतः सांगेल.' ब्रायनीच्या सगळ्या बायका ही पाटी लावायच्या. मी म्हटलं, ही लग्नपत्रिका आहे की काय. जनेलनं ती पाटी नीट कागदात गुंडाळून बॅगेत सगळ्यांत वर ठेवली.

ऑक्टोबरात, सकाळी ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, खाता खाता तिचं पाणी गेलं. रेनर्डचं जहाज तेव्हा वर सुपीरियर सरोवरात, जमीन दिसत नव्हती तिथे. फोनवर तो नुसता "बरं, बरं" म्हणत राहिला, आणि मागे इंजिनाची घरघर. धक्क्याला लागलो की निघतो म्हणाला. मी गाडी काढली. ब्रायनी दवाखान्यात आमच्या आधी पोचली होती. डूला म्हणून माझं हे पहिलं बाळंतपण, ते तिनं स्वतः बघून मला पास करायचं होतं. तिथे मात्र तिनं बूट घातले होते.

सुरुवातीचे काही तास, मी शपथेवर सांगते, बघत राहावेत असे होते. जनेल मोठ्या चेंडूवर बसून डोलायची. कळ आली की पलंगावर ओणवी व्हायची, मी खुबे दाबायचे, ती खर्जात ओंकार लावायची आणि खोली भरून जायची. नर्स इलोना, पिकल्या केसांची, आमच्या नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीतली. तिनं दारावरची पाटी शांतपणे वाचली, भुवया उडवल्या आणि पाळली. असल्या पाट्या तिनं पूर्वीही पाहिल्या असतील. अधूनमधून येऊन हातातल्या यंत्रानं बाळाचे ठोके ऐकायची आणि विचारायची, "कसं काय?"

"लाटा मोठ्या आहेत," जनेल म्हणायची, "पण मी त्यांच्याबरोबर आहे."

"छान," इलोना म्हणायची आणि जायची.

दुपारी जेवणाची ताटं फिरून गेली. जनेल ओणवी होती, मी मागे. एक कळ आली, चढली, आणि ओसरलीच नाही. मी वाट बघत होते की आता ती मान टाकेल, आता पाणी मागेल. तिचा ओंकार मधेच तुटला.

"मावशी, ही जात नाहीये."

"तिला घालवू नकोस," ब्रायनी तिच्या तोंडाशी बसून म्हणाली. "येऊ दे. ओठ सैल. जबडा सैल."

"नाही, ही जात नाहीये."

"लाट आणि तू वेगळी नाहीस. सोड स्वतःला."

मी एक हात काढून तिच्या पोटाखाली घातला. पोट कपाळासारखं कडक होतं. मी थांबले. जनेलनं दोन-तीन श्वास घेतले, ब्रायनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पोट तसंच. कपाळासारखं नाही, लाकडी फळीसारखं. मी ब्रायनीकडे बघितलं आणि म्हटलं, "पोट मऊ पडत नाहीये."

तिनं ओठांवर बोट ठेवलं. मग अगदी हळू, माझ्या कानाशी येऊन, "खोलीत भीती आणू नका. आपलं काम काय? डूला डॉक्टरांशी बोलत नाही. डूला बाईशी बोलते, बाई डॉक्टरांशी बोलते."

"मग बाईशीच बोलते," मी म्हटलं. पलंगाला वळसा घालून मी जनेलच्या समोर गेले, तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. ओठ राखेसारखे झाले होते. "जनेल, माझ्याकडे बघ. दुखतंय का?"

"दुखतंय," ती म्हणाली.

आणि मग माझ्या भाचीनं डोळे वटारले, जीभ बाहेर काढली आणि सिंहासारखा श्वास सोडला.

वर्गात तिला एकदाही करावा लागला नव्हता तो. इतर बायकांचा बघून बघून अंगात भिनला होता. पोर मरायला टेकली होती आणि स्वतःच स्वतःला शिक्षा देत होती. जीभ तशीच बाहेर ठेवून तिनं ब्रायनीकडे बघितलं, बरोबर केलं का म्हणून. आणि ब्रायनी हसली. डोळे भरून, छातीवर हात ठेवून, आईनं पोरीकडे बघावं तशी हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार उघडलं, पाटी टराटरा फाडली आणि त्या लांबलचक व्हरांड्यात उभा जन्म कुत्र्यांवर ओरडलेल्या आवाजात ओरडले. "इलोना. माझी पोर मरतेय, पोट फळीसारखं झालंय, कळ जात नाहीये. आत्ताच्या आत्ता इकडे ये." लोक लांब झाले, हे खरं. इलोना जवळ आली.

तिनं पोटाला हात लावला. यंत्र लावलं. बाळाचे ठोके मलासुद्धा कळावेत इतके संथ पडत होते, एक पडला की पुढचा पडेल की नाही असं वाटावं असे. इलोनानं भिंतीवरचं बटण दाबलं, खोलीत माणसं घुसली, पलंगाची चाकं सुटली आणि माझी जनेल माझ्यासमोरून गेली. पलंग ढकलणाऱ्या माणसांना ती "सॉरी, सॉरी" म्हणत होती.

गर्भाशयाला चिकटलेली वार वेळेआधीच सुटली होती. रक्त बाहेर न येता आतल्या आत साठत होतं. बाळाकडे जाणारा श्वासच तुटला होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारासमोर उभी होते आणि शेजारी ब्रायनी फाटलेल्या पाटीचे तुकडे गोळा करून हातात धरून उभी होती.

"तुम्ही त्या खोलीत भीती आणलीत, अर्नेस्टीन," ती म्हणाली. मऊ आवाजात.

"मी भीती आणली. आणि रक्त कोणी आणलं?"

"शरीर मनाचं ऐकतं. तिचा श्वास तोपर्यंत किती सुंदर—"

"तू पोटाला हात लावलास?"

"डूला पोट तपासत नाही. तो आपला अधिकार नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माणसाच्या पोटाला हात लावायला अधिकार लागतो? तिच्या तोंडातला शब्द काढून घेताना कुणाचा अधिकार विचारला होतास? ती जीभ काढून तुझ्याकडे बघत होती, आणि तू हसलीस, ब्रायनी. हसलीस."

"मला तिचा अभिमान वाटला."

मी तिला मारलं नाही. एवढंच सांगते. हात उचलला होता, तो भिंतीवर टेकवला. म्हणतात ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण निदान मारणाऱ्याला माहीत असतं की आपण मारतोय. हिला मारायचंही नव्हतं आणि तोंड दाबलंय हेही ठाऊक नव्हतं. अशा माणसाला शिव्या तरी काय द्यायच्या. तरी मी दिल्या. व्हरांड्याच्या टोकाशी बसलेल्या म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

दोघी वाचल्या. मुलगी झाली. पण ती रडली नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्यात जीव आहे की नाही तेच आधी बघावं लागलं. मेंदूला इजा होऊ नये म्हणून तिला गार गादीवर ठेवलं, नळ्या लावल्या, गुंगी दिली. तीन दिवस थंड ठेवणार, मग हळूहळू ऊब देणार. डॉक्टर म्हणाले, पुढचं आत्ता सांगता येत नाही. ऊब दिल्यावर ती हालचाल कशी करते, रडते का, ते बघू. म्हणजे आमची सगळी आशा एका रडण्यावर टांगलेली.

जनेल शुद्धीवर आली. पहिलं विचारलं ते बाळाचं. मी होतं तसं सांगितलं. तिनं डोळे मिटले. मग दुसरं विचारलं.

"मावशी, माझा श्वास चुकला का गं?"

"काय?"

"मधेच तुटला ना. मी घाबरले. मी तो शब्द बोलले. तिथून सगळं बिघडलं."

मला वाटलं होतं, माझा राग त्या व्हरांड्यात संपला. तो कुठला संपतोय. मी तिला समजावलं, वार सुटली होती, आधीच सुटली होती, तू काय श्वासानं वार चिकटवणार होतीस का. ती मान हलवायची आणि डोळ्यांत काही पोचायचं नाही. इलोनानं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. सगळ्यांना ती "थँक यू" म्हणाली. टाके ओढत असतील, पण कूस बदलताना हूं की चूं नाही. इलोना औषध घेऊन यायची आणि आता सरळ विचारायची, "जनेल, दहापैकी किती?" जनेल म्हणायची, "ठीक आहे."

मग तिनं ब्रायनीला बोलवायचं काढलं.

"माझ्या जिवंतपणी नाही," मी म्हटलं.

"मावशी, मला तिची माफी मागायची आहे."

"तू? तिची?"

"तिनं इतकं शिकवलं आणि मी ऐन वेळी... तुझं भांडण तू भांड. हे माझं आहे."

आम्ही दोघी त्यावरून दोन दिवस बोललो नाही, म्हणजे ती बोलत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. शेवटी ब्रायनी आली. हातात फुलांच्या चहाची बाटली. मला नमस्कार केला, मी केला नाही. ती जनेलच्या पायाशी बसली. बाळंतपण झालं की डूला येऊन बाईला तिच्याच बाळंतपणाची गोष्ट सांगते, अशी त्यांची रीत आहे. बाईला स्वतःला सगळं आठवत नाही, म्हणून. त्या गोष्टीत वाईट काही ठेवत नाहीत. ब्रायनीनं चेंडूपासून सुरुवात केली. ओंकारानं खोली कशी थरथरत होती, खिडकीतून ऊन कसं येत होतं.

"मला आधी बोलू दे," जनेल म्हणाली. "ब्रायनी, मला माफ करा. मी तुमचं ऐकलं नाही. घाबरले."

मी ब्रायनीच्या तोंडाकडे बघत होते. एवढंच म्हण, मनात म्हणत होते, ब्रायनी, एवढंच म्हण की तुझी काही चूक नाही. हे एक वाक्य बोललीस तर मी तुझा तो फुलांचा चहासुद्धा पिईन.

ब्रायनीनं तिचे दोन्ही हात धरले. "मी तुला केव्हाच माफ केलंय," ती म्हणाली. "तू स्वतःलाही कर. भीती तुझी नव्हती. ती बाहेरून आली." आणि माझ्याकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती.

जनेल रडली नाही. "थँक यू," म्हणाली.

मी उठले. काय करणार होते ते मला माहीत नाही, पण चांगलं काही नव्हतं. तेवढ्यात इलोना दारात आली. "बाळाला ऊब देऊन होत आली," ती म्हणाली. "घशातली नळी काढली, गुंगीही उतरतेय. येताय का? तुम्ही आणि बरोबर दोघं." रेनर्ड अजून रस्त्यातच होता, बसमध्ये. जनेल म्हणाली, "मावशी. आणि ब्रायनी." मी तिची चाकाची खुर्ची ढकलली. माझ्यामागून ब्रायनीची मऊ पावलं येत होती, ती मी सारी वाटभर ऐकली.

काचेच्या पेटीत पोर पडली होती. नळ्या, पट्ट्या, लोकरीची टोपी, आणि मधे मुठीएवढा चेहरा. इलोनानं पेटीच्या बाजूची छोटी खिडकी उघडून दिली. जनेलनं टाके सांभाळत हात आत घातला आणि बोटानं तिचा तळपाय खालून वर घासला, तसं करून बघ असं इलोनानंच तिला सांगितलं होतं. काही नाही. परत घासला. पोरीचा पाय आखडला. कपाळ आक्रसलं, तोंड वाकडं झालं, वाकडंच राहिलं. आणि मग तिच्यातून आवाज निघाला. नळीनं घसा सोलवटलेला, खरखरीत, चिडका, अजिबात गोड नसलेला. तिनं तो एकदा काढला आणि मग थांबायचं नावच नाही. शेजारच्या पेटीपाशी बसलेल्या आईनं मान वळवली. इलोनानं पाठ फिरवली आणि बाहीनं डोळे पुसले.

ब्रायनी पेटीवर वाकली. "श्श," ती म्हणाली. "श्श, श्श. शांत, राणी, शांत. सगळं छान आहे."

"तिला गप्प करू नका," जनेल म्हणाली.

"अगं, मी फक्त तिला धीर—"

"तिला गप्प करू नका म्हटलं ना." तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मोठा होता. "मी तुम्हाला सांगत होते ही जात नाहीये. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगत होते. तुम्ही म्हणालात जबडा सैल सोड. माझी मुलगी आत गुदमरत होती आणि मी जबडा सैल सोडत होते." तिनं हात पेटीतून काढला नाही, मानही वळवली नाही. "आणि आत्ता, मघाशी, मी तुमची माफी मागितली. तुम्ही ती घेतलीत."

ब्रायनीचं तोंड उघडलं. तिला बहुतेक काहीतरी मऊ सांगायचं होतं. पोर इतक्या जोरात रडत होती की ते कुणाला ऐकू गेलं नसतं.

"तुम्ही जा," जनेल म्हणाली. "परत येऊ नका."

ती गेली. जाताना दार तिनं अगदी आवाज न करता लावलं. मी खुर्चीमागे उभी होते, माझ्या जिभेवर शंभर गोष्टी होत्या, आणि एकही बोलायची गरज नव्हती. जनेल पेटीवर वाकली तसे टाके ओढले असणार, कारण ती कळवळून "आई गं" म्हणाली, चांगली मोठ्यानं. इलोनानं वळून बघितलं. मग जनेलनं तोंड त्या उघड्या खिडकीशी नेलं आणि रडणाऱ्या पोरीला म्हणाली, "हां, सांग. काय होतंय, कुठे होतंय, सगळं सांग मला."